चार शब्दांत एकोणसाठ : अलांब्लाक भाषेतील मोजणीविषयी वाचकांच्या शंका

गेल्या अंकात पापुआ न्यू गिनीतील भाषांविषयी लिहिताना या सदरात एक वाक्य येऊन गेले होते, की त्या देशाच्या पूर्व सेपिक प्रांतात बोलल्या जाणाऱ्या अलांब्लाक भाषेत संख्यांसाठी मूळ शब्द चारच आहेत : एक, दोन, पाच आणि वीस. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाच्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : चारच शब्द असतील, तर तीन, सात, तेरा या संख्या ते लोक सांगतात तरी कशा? की 'थोडे' आणि 'पुष्कळ' एवढ्यावरच भागवतात? (एक शिक्षिका, नाशिक)

सगळ्या संख्या सांगतात आणि नेमक्या सांगतात. मूळ शब्द चार असले, तरी ते एकमेकांना जोडण्याचे नियम पक्के आहेत, आणि भाषेचे सगळे गणित त्या नियमांत आहे. एकासाठी 'र्पत' आणि दोनासाठी 'होस्फ' हे शब्द आहेत. (देवनागरीत हे उच्चार जवळपासचेच समजावेत, कारण 'र्पत'सारखी सुरुवात आपल्या जिभेला सवयीची नाही.) तीन म्हणजे 'होस्फिर्पत', म्हणजे दोन आणि एक. चार म्हणजे 'होस्फिहोस्फ', म्हणजे दोन आणि दोन. मधली 'इ' ही जोडणारी आहे, आपल्या 'आणि'चे काम करणारी.

पाचावर पोचल्यावर मात्र ही दोन-दोनची बेरीज थांबते आणि नवा शब्द येतो : 'तिर योह्ट्ट'. यातील 'तिर' म्हणजे हात. एक आख्खा हात झाला, म्हणजे पाच झाले. पुढे दहा म्हणजे 'तिर होस्फ', दोन हात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की येथे हात आणि दोन यांची बेरीज झालेली नाही, गुणाकार झालेला आहे. 'होस्फ' हा शब्द 'इ'ने जोडला गेला की बेरीज होते आणि 'तिर'च्या मागोमाग, मध्ये काहीही न येता आला, की गुणाकार होतो. वीस म्हणजे 'यिमा योह्ट्ट'. 'यिमा' म्हणजे माणूस. हातापायांची वीस बोटे मोजून झाली, की एक माणूस पुरा झाला. चाळीस म्हणजे अर्थातच 'यिमा होस्फ', दोन माणसे.

आता एक मोठी संख्या घेऊन सगळे यंत्र चालताना पाहू. एकोणसाठ या संख्येला अलांब्लाकमध्ये म्हणतात : 'यिमा होस्फी तिर होस्फिर्पती होस्फिहोस्फ'. त्याचे तीन तुकडे पडतात. पहिला 'यिमा होस्फी', दोन माणसे, म्हणजे चाळीस. दुसरा 'तिर होस्फिर्पती', हात तीन, म्हणजे पंधरा, आणि त्यातला तीन हा स्वतःच दोन अधिक एक असा बनलेला. तिसरा 'होस्फिहोस्फ', चार, तोही दोन अधिक दोन असा बनलेला. चाळीस, पंधरा आणि चार मिळून एकोणसाठ. पहिल्या दोन तुकड्यांच्या शेवटी जी 'ई' ऐकू येते ती पुढच्या तुकड्याशी सांधा जुळवते आणि ऐकणाऱ्याला कळवते, की संख्या अजून संपलेली नाही. म्हणजे एका संख्येच्या नावात वीस, पाच आणि दोन असे तीन निरनिराळे गट एकाच वेळी वापरले गेले आहेत. ही मोजणी दोनाच्या गटांनी चालते की पाचाच्या की विसाच्या, असा प्रश्नही काही पत्रांत आहे. तिन्ही गटांनी चालते, असेच त्याचे उत्तर आहे. चारपर्यंत दोन हा गट आहे, विसाच्या आत पाच, आणि विसाच्या पुढे वीस.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे. आपण दिलेल्या नियमांनुसार 'हात दोन एक' याचा अर्थ अकरा होईल की पंधरा? कंस नसताना हे कसे कळणार? (एक वाचक, सातारा)

पत्र वाचून मनापासून आनंद झाला, कारण अडचण नेमक्या ठिकाणी पकडली आहे. (हात × दोन) + एक असे वाचले तर अकरा होतात आणि हात × (दोन + एक) असे वाचले तर पंधरा. आपण गणितात यासाठी कंस घालतो. अलांब्लाक बोलणारा ते काम शब्दांच्या जोडणीने करतो. तीन हा 'होस्फिर्पत' असा एकच सलग शब्द आहे, म्हणून तो 'तिर'नंतर आला की संपूर्ण तीनाने गुणले जाते आणि पंधरा मिळतात. उलट चौदा ही संख्या 'तिर होस्फी होस्फिहोस्फ' अशी सांगतात. येथे पहिला 'होस्फी' हाताशी बांधलेला असून त्याने दहा पुरे केले आहेत, आणि नंतरचा 'होस्फिहोस्फ' हा स्वतंत्र शब्द म्हणून मागाहून मिळवला आहे. त्याच घडणीने अकरा सांगायचे, तर 'तिर होस्फी' हा तुकडा पुरा करून मग 'र्पत' सुटे म्हणावे लागेल. कागदावर हा फरक मधल्या रिकाम्या जागेचा दिसतो.

आणखी एक सोय भाषेतच आहे. हात × (दोन + दोन) असे कोणी म्हणण्याचा प्रसंगच येत नाही, कारण चार हात म्हणजे वीस आणि विसाला 'यिमा' हा स्वतःचा शब्द आहे. त्यामुळे घोटाळा होण्याची शक्यता जितकी पत्र वाचून वाटते त्यापेक्षा बरीच कमी उरते.

प्रश्न : पंधरा म्हणजे 'तीन हात' हे विचित्र वाटते. माणसाला तिसरा हात कोठून आला? आणि आपल्याकडची 'कोडी' ही विसाची मोजणीही अशीच हातापायांवरून आली असेल का? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी, याच आशयाचे पत्र चंद्रपूरहून)

तिसरा 'हात' म्हणजे पहिले पाऊल. न्यू गिनीतील अनेक भाषांत पंधराला 'दोन हात आणि एक पाय' अशा अर्थाचे नाव असते आणि तेथे पायाचा उल्लेख स्पष्ट असतो. अलांब्लाकच्या वर दिलेल्या रूपात मात्र पायाचे नाव येत नाही. 'तिर' हा शब्द संख्येत आला, की तो हाताचे नाव न राहता पाचाच्या गटाचे नाव होतो, आणि तिसरा गट पायाच्या बोटांवर मोजला काय किंवा मनात मोजला काय, गटाचे नाव बदलत नाही. वीस झाल्यावर मात्र 'माणूस' हा शब्द येतो आणि पाय मोजणीत होते हे उघड होते. मराठीत हाताच्या आणि पायाच्या बोटांना एकच शब्द आहे, त्यामुळे 'वीस बोटांचा माणूस' ही कल्पना आपल्याला इतर कित्येक भाषिकांपेक्षा सहज पचावी.

हातावरून पाचाचे नाव पडणे ही पापुअन भाषांचीच खासियत आहे असेही समजू नये. न्यू गिनीच्या किनारपट्टीवर आणि सभोवतीच्या बेटांवर ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा बोलल्या जातात. त्या कुळाच्या मूळ भाषेत 'लिमा' हा एकच शब्द हात आणि पाच या दोन्ही अर्थांनी होता असे मानले जाते, आणि हवाईच्या भाषेत तो आजही दोन्ही अर्थांनी चालतो. 'पापुअन' हे मात्र एका कुळाचे नाव नव्हे. न्यू गिनी आणि परिसरातील ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत, अशा अनेक वेगवेगळ्या कुळांतील भाषांना सोयीसाठी दिलेले ते नाव आहे. अलांब्लाक ही त्यांपैकी सेपिक कुळातील, डोंगराळ भागातील शाखेची भाषा.

कोडीविषयी थोडक्यात. मराठीतील 'वीस' हा शब्द संस्कृत 'विंशति'वरून आला आहे आणि त्याच्या मुळाशी 'दोन दहा' ही कल्पना आहे. माणसाच्या बोटांचा त्याच्याशी थेट संबंध नाही. कापडचोपड किंवा भांडी कोडीने मोजणे ही व्यापारातील वेगळी रीत आहे. मात्र विसाच्या गटाने खरोखर चालणाऱ्या संख्यानामांसाठी आपल्याला न्यू गिनीपर्यंत जाण्याची गरज नाही. मेळघाटातील कोरकू भाषा ज्या मुंडा कुळातील आहे, त्याच कुळातील संथालीत वीस म्हणजे 'मित् इसि', एक वीस, आणि चाळीस म्हणजे 'बार इसि', दोन वीस.

प्रश्न : पापुआमधील लोक नाक, कान, डोळे यांवर सत्तावीसपर्यंत मोजतात असे कोठेतरी वाचले होते. अलांब्लाक लोकही तसेच मोजतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. आपण वाचलेली रीत बहुधा ओक्सापमिन भाषेची असावी. हे लोक सांडाउन प्रांतातील डोंगराळ भागात राहतात. दोन्ही रीती शरीराच्या आधाराने चालतात म्हणून त्यांना एकाच खात्यात टाकले जाते, परंतु त्यांचे तत्त्व अगदी वेगळे आहे. अलांब्लाकमध्ये हात हा गट आहे, आणि गटांची बेरीज व गुणाकार होतात. ओक्सापमिन रीतीत गटच नाहीत. शरीरावर सत्तावीस जागा ठरलेल्या आहेत, त्या ठरलेल्या क्रमाने स्पर्श करत जायचे, आणि त्या जागेचे नाव हेच त्या संख्येचे नाव.

सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून होते. अंगठा एक, करंगळी पाच, मनगट सहा, कोपराखालचा हात सात, कोपर आठ, दंड नऊ, खांदा दहा, मान अकरा, कान बारा, डोळा तेरा आणि नाक चौदा. नाक ओलांडले की दुसरी बाजू सुरू होते : दुसरा डोळा पंधरा, दुसरा कान सोळा, आणि असे खाली उतरत दुसरे मनगट बावीस. येथवर सगळे आरशातल्यासारखे उलट चालते. पण बोटांवर आल्यावर क्रम पुन्हा अंगठ्यापासूनच धरतात, म्हणून दुसरा अंगठा तेवीस आणि दुसरी करंगळी सत्तावीस होते. दुसऱ्या बाजूच्या नावांना 'तान' हा शब्द आधी लागतो. कान म्हणजे 'नाता', म्हणून बारा म्हणजे 'नाता' आणि सोळा म्हणजे 'तान-नाता'. सत्तावीस पुरे झाले, की मुठी उंचावून 'तित फू!' असे म्हणण्याची पद्धत होती.

या रीतीचा सखोल अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स यांनी केला. ते १९७८ मध्ये प्रथम तेथे गेले आणि पुढे १९८० व २००१ मध्येही त्यांनी तेथे काम केले. त्यांच्या कामातील सर्वांत रंजक भाग मोजणीचा नाही, बेरजेचा आहे. पूर्वी समोर वस्तू नसताना बेरीज करण्याचा प्रसंग या लोकांवर फारसा येत नसे, कारण डुकरे असोत वा कंदमुळे, मोजायच्या वस्तू समोरच असत. पण गावात दुकाने निघाली, पैसा आला, आणि 'नऊ शिलिंगांत सात मिळवले तर किती?' असे प्रश्न वस्तूंशिवाय सोडवण्याची वेळ आली. अडचण अशी, की नऊ म्हणजे दंड. तेथून पुढे मोजत जाता येते, पण सात पावले पुरी झाली हे कसे समजणार? ज्यांना दुकानदारीचा सराव होता त्यांनी यावर एक युक्ती बसवली. दंडावर थांबायचे, आणि पुढच्या खांद्याला स्पर्श करून त्याला 'अंगठा' म्हणायचे, मानेला 'तर्जनी', कानाला 'मधले बोट', डोळ्याला 'अनामिका', नाकाला 'करंगळी', दुसऱ्या डोळ्याला 'मनगट' आणि दुसऱ्या कानाला 'कोपराखालचा हात'. कोपराखालचा हात म्हणजे सात, तो आला की थांबायचे. बोट दुसऱ्या कानावर आहे, म्हणून उत्तर सोळा. बोट एका जागेवर आणि तोंडात दुसऱ्या जागेचे नाव, अशा रीतीने एकाच शरीरावर दोन मोजण्या समांतर चालवल्या जातात. हे वाचून स्वतः करून पाहावे. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे बोट आणि जीभ यांची फारकत होते.

पैशाने आणखी एक बदल केला. ऑस्ट्रेलियन राजवटीत एक पौंड म्हणजे वीस शिलिंग होते. त्यामुळे पैसे मोजताना काही जण सत्ताविसाव्या जागेपर्यंत न जाता दुसऱ्या कोपरावर, म्हणजे विसावर, थांबू लागले आणि तेथे 'एक पौंड झाला' असे म्हणून पुन्हा अंगठ्यापासून सुरू करू लागले. ज्या रीतीत गट नव्हता, तिच्यात परक्या चलनाने विसाचा गट आणून बसवला. पुढे १९६६ मध्ये दशमान डॉलर आला आणि १९७५ मध्ये पापुआ न्यू गिनीचे स्वतःचे चलन, किना आणि तोइया, सुरू झाले. तरीही दोन किनांना 'पाउन' आणि दहा तोइयांना 'सिलिंग' म्हणण्याची सवय त्या देशात मागे उरली.

प्रश्न : संख्यांना पुरेसे शब्द नसणे हे मागासलेपणाचे लक्षण नाही का? स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमस्व. (एक अभियंता, पुणे)

क्षमा मागण्याचे कारण नाही, पण अनुमान चुकीचे आहे. वर पाहिल्याप्रमाणे चार शब्दांतून एकोणसाठ नेमके सांगता येतात, तेव्हा शब्दांची संख्या आणि मोजण्याची क्षमता यांचा संबंध इतका सरळ नाही. संगणक तर दोनच चिन्हांवर चालतो आणि त्याला कोणी मागासलेला म्हणत नाही.

संख्याशब्द कोठवर पोचतात हे काय मोजावे लागते आणि कोणासमोर मोजावे लागते यावर बरेचसे अवलंबून असते. याचे ठळक उदाहरण त्याच देशाच्या दक्षिणेकडील पश्चिम प्रांतात सापडते. रोउकू गावात कोम्न्झो नावाची भाषा बोलली जाते आणि ती बोलणारे जेमतेम अडीचशे लोक आहेत. या भाषेत मोजणी सहाच्या गटांनी चालते. सहासाठी 'निबो' हा शब्द आहे. सहा सक छत्तीस यासाठी 'फ्ता' हा स्वतंत्र, एकसंध शब्द आहे, २१६ साठी 'तारुबा', १,२९६ साठी 'दाम्नो', आणि याच क्रमाने पुढे ७,७७६ आणि ४६,६५६ यांनाही स्वतःची नावे आहेत. इंग्रजीत दहा हजारालाही स्वतंत्र एकशब्दी नाव नाही हे येथे आठवावे. एवढ्या लहान वस्तीला हे शब्द लागले कशासाठी? याम या कंदांसाठी. पीक साठवताना आणि मेजवानीच्या वेळी कंदांची जाहीर मोजणी होते. दोन माणसे प्रत्येकी तीन कंद उचलतात, म्हणजे एका खेपेला सहा होतात. अशा सहा खेपा झाल्या, की छत्तीस. कोणाकडे किती याम आहेत यावर प्रतिष्ठा अवलंबून असल्याने ही मोजणी चारचौघांत आणि मोठ्याने होते.

अलांब्लाक लोकांचे मुख्य अन्न साबुदाण्याच्या जातीच्या साबू ताडाचे पीठ आणि नदीतले मासे. पिठाची गणती नगावर होत नाही. तेव्हा हजारांपर्यंत जाणारे खास शब्द तेथे तयार झाले नाहीत आणि यामवाल्यांकडे झाले, यात बुद्धीचा संबंध कोठेही येत नाही.

हातावर मोजणारे सगळे पाचच धरतात असेही नाही, हे ओघात सांगून टाकतो. पश्चिम हायलँड्स प्रांतातील माउंट हेगनच्या परिसरात मेल्पा भाषा बोलणारे लोक अंगठे बाजूला ठेवून दोन्ही हातांची आठ बोटे जोडीजोडीने मिटतात, म्हणून त्यांच्या मोजणीत आठाला महत्त्व आले, आणि अंगठे मिळवले की दहा होतात. त्यांच्या 'मोका' या देवघेवीच्या समारंभात डुकरांची मोजणी अशीच होत असे. हात तोच असला, तरी त्याचे कोणते भाग धरायचे हे समाज ठरवतो. आपल्याकडे जप करणारे अंगठ्याने बोटांची पेरे मोजतात, तेथे हातात पाच दिसतच नाहीत.

प्रश्न : ही सगळी माहिती कोणी आणि कशी गोळा केली? आज ही मोजणी वापरात आहे का? (एक संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर; एक वाचक, मडगाव)

अलांब्लाकविषयी आपल्याला जे माहीत आहे त्याचा मुख्य आधार म्हणजे लेस ब्रूस यांचे व्याकरण. ते १९८४ मध्ये कॅनबेरा येथून प्रसिद्ध झाले. सबंध देशातील मोजणीच्या रीतींचा मोठा संग्रह मात्र ग्लेंडन लीन यांचा आहे. लाए शहरातील तंत्रज्ञान विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून, शाळांकडून, जुन्या नोंदींतून आणि भाषाभ्यासकांकडून पापुआ न्यू गिनी आणि ओशनियातील सुमारे ९०० भाषांची माहिती जमवली आणि १९९२ मध्ये ती प्रबंधरूपाने मांडली. विद्यार्थ्यांना त्यांच्या गावचे आकडे लिहून आणायला सांगणे ही त्यांची पद्धत साधी दिसते, पण ८०० हून अधिक भाषा असलेल्या देशात, जेथे अनेक गावांना रस्ता नाही, तेथे दुसरी कोणतीही पद्धत इतकी दूर पोचली नसती. लीन १९९५ मध्ये वारले. गोरोका विद्यापीठातील संशोधन केंद्राला त्यांचे नाव आहे.

वापराविषयी बोलायचे, तर या देशात बाजार, शाळा आणि चर्च येथे तोक पिसिन ही संपर्कभाषा किंवा इंग्रजी चालते, आणि संख्याशब्द हे स्थानिक भाषेतून सर्वांत आधी मागे पडणाऱ्या शब्दांपैकी असतात. त्याचे कारण भावनिक नसून अगदी व्यावहारिक आहे. किंमत दोघांना समजेल अशा भाषेत सांगावी लागते, आणि बाजारातला दुसरा माणूस बहुधा परक्या भाषेचा असतो. १९९३ नंतरच्या शैक्षणिक सुधारणांत पहिली काही वर्षे मुलांना गावच्या भाषेतून शिकवण्याचे धोरण आले, आणि अनेक ठिकाणी स्थानिक मोजणी वर्गात पोचली. २०१३ पासून धोरण बदलून पुन्हा सुरुवातीपासून इंग्रजीकडे वळले. माझ्या मते हा निर्णय घाईचा होता. एखाद्या मुलाला पाच अधिक पाच म्हणजे दोन हात हे घरूनच येत असेल, तर ते त्याने शाळेच्या दारात सोडून यावे यात गणिताचा काही लाभ दिसत नाही.

प्रश्न : बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असे वाचन दिले तेव्हा बरीच टीका झाली होती. अलांब्लाकची रीत पाहता ते योग्य होते असे आपल्याला वाटते का? (एक पालक, ठाणे)

या दोन गोष्टींची तुलना काही अंशीच होऊ शकते. अलांब्लाकमधील संख्यानाम ऐकले, की संख्या कशी बनली ते सगळे ऐकू येते. मराठीत तसे होत नाही. शंभरापर्यंतची आपली बहुतेक नावे शतकानुशतके झिजून अशी एकजीव झाली आहेत, की ती स्वतंत्रपणे पाठच करावी लागतात. त्यात 'एकोणसाठ'सारख्या नावात साठातून एक वजा केलेला आहे. मूल कानाने साठ ऐकते आणि हाताने पाच व नऊ लिहिते. अलांब्लाकच्या ज्या नावांची फोड आपण वर केली, त्यांत वजाबाकी कोठेच नाही. या दृष्टीने 'पन्नास नऊ' असे वाचन सुरुवातीच्या पायरीवर मुलाला मदत करते, आणि ते जुन्या नावांसोबत दिलेले असताना भाषा बुडाल्याची ओरड करण्याजोगे त्यात काही नव्हते, असे माझे मत आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. उलगडून दिसणाऱ्या नावाची किंमत लांबीत मोजावी लागते. 'एकोणसाठ' एका दमात म्हणून होते, तर 'यिमा होस्फी तिर होस्फिर्पती होस्फिहोस्फ' म्हणेपर्यंत भाजीवाली पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असेल. ज्या समाजात असे आकडे दिवसातून शंभरदा उच्चारावे लागतात, तेथे नावे झिजून आखूड होणारच.

आणि केवळ रचना स्पष्ट आहे म्हणून एखादी रीत टिकते असेही नाही. तोक पिसिनमध्ये पूर्वी अकरा म्हणजे 'वानपेला तेन वान', एक दहा एक, आणि एकवीस म्हणजे 'तुपेला तेन वान', दोन दहा एक, असे म्हणत. 'वीस एक'पेक्षाही ही रचना सरळ होती, कारण तीत विसासाठीही वेगळा शब्द लागत नव्हता. शाळांमधून इंग्रजी पसरली तशी तिची जागा 'इलेव्हन' आणि 'ट्वेंटीवन' यांनी घेतली, आणि इंग्रजीतला 'इलेव्हन' हा शब्द आपल्या 'अकरा'इतकाच झिजलेला आहे.